दोन थापा

एक थाप म्हणजे थांब, दोन थापा म्हणजे चल. आगरदांड्याच्या खाडीकाठी जो बर्फाचा कारखाना आहे, तिथे हा कायदा कुणी कागदावर लिहिलेला नव्हता, पण मोडायची कुणाची छाती नव्हती. बर्फ फोडायचा क्रशर एकदा सुरू झाला की शेजारच्याचं ओरडणंही ऐकू येत नसे. मग टेम्पो फलाटाला लावताना तोंडाने 'येऊ दे, येऊ दे' म्हणण्यात अर्थ काय? मागे उभा असलेला माणूस टेम्पोच्या पत्र्यावर तळहात आपटून सांगे आणि ड्रायव्हर ते पाठीने ऐके. आता नव्या गाड्यांना मागे कॅमेरे आलेत. तरी तिथले ड्रायव्हर त्या काचेकडे ढुंकून पाहत नाहीत. म्हणतात, आमचा आपला थापेवर विश्वास.

हाच कायदा पुढे गप्पांनाही लागू झाला. मिठाच्या पाण्याच्या टाकीतून लाद्या निघायला वेळ लागतो, तोवर टेम्पोवाल्यांनी करायचं काय? आवाराच्या कडेला डेरेदार भेंडीच्या झाडाखाली एका जुन्या मासळीच्या टेम्पोची पेटी जमिनीवर टेकवून ठेवली होती. खाली चाकं नाहीत, पुढे इंजिन नाही, नुसती पत्र्याची पेटी. आत भाताच्या तुसाची पोती आणि लाद्या ओढायचे आकडे, बाहेर कुलूप. तिला लागून एक फळी टाकलेली. त्या फळीवर बसून माणसं एकमेकांना गाड्यांच्या फजितीचे किस्से सांगत. ऐकणाऱ्याला पटलं नाही की तो पाठीमागे हात नेऊन पेटीवर एक थाप मारी: थांब, गाडी आवर. पटलं तर दोन: चल, पुढे घे. थाप मारणाऱ्यावर थाप पडे, इतका सरळ न्याय.

या न्यायसभेत दिनानाथ क्वचितच बोलत असे. तो कॉम्प्रेसरवर होता, सव्वीस वर्षं. कारखान्यातला कुठला नट किती आवळलेला आहे हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. त्याच्या मते जगात दोनच गोष्टी होत्या, बिघाड आणि बिघाडाचं कारण. "यंत्र बिघडतं," तो म्हणायचा, "खोटं बोलत न्हाय. खोटं बोलायला तोंड लागतं."

दुपारी काशी त्याचा डबा घेऊन येई. काशी त्याची धाकटी बहीण. नवरा गेल्यापासून त्याच्याच घरी. तिला डाव्या कानाने ऐकू येत नसे, म्हणून ती नेहमी उजवी बाजू पुढे करून उभी राही, जरा तिरकी. डबा फाटकाशी कट्ट्यावर ठेवायचा, "जेवून घे, दादा" म्हणायचं आणि खाडीच्या रस्त्याने परत जायचं, इतकाच तिचा नेम.

गणपती गेले, मासळीचा हंगाम भरात आला, आणि त्या आठवड्यात कुलदीप परत आला.

तो आता दिघीच्या एका मासळीवाल्याचा टेम्पो चालवत होता. केस पांढरे, खांदे उतरलेले. फळीवर बसलेल्या पोरांना तो कोण ते ठाऊक नव्हतं. दिनानाथला होतं. अकरा वर्षांपूर्वी याच फलाटाला कुलदीपचा टेम्पो मागे येत होता, पाठमोरा वाकून रावजी खाली पडलेली लादी ओढत होता, आणि टेम्पोच्या बाजूला थापा मारायला दिनानाथ उभा होता. रावजी फलाट आणि टेम्पो यांच्यामध्ये सापडला. रावजी म्हणजे काशीचा नवरा.

चौकशीत दिनानाथने सांगितलं, मी एकच थाप मारली. कुलदीपने सांगितलं, मी दोन ऐकल्या. एकाच्या बाजूने बहिणीचं पुसलेलं कुंकू होतं, दुसऱ्याच्या बाजूने काहीच नव्हतं. कुलदीपची नोकरी गेली, लायसन गेलं, गावही सुटलं. लायसन परत मिळेपर्यंत सुरतेकडे कुठल्याशा गोदामात त्याने काही वर्षं हमाली केली असं म्हणत.

थापा दोन पडल्या होत्या. हे दिनानाथला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. एक मारली, टेम्पो थांबतोय असं दिसेना, म्हणून घाईत आणखी एक मारली. म्हणायचं होतं थांब, थांब. पण दोन थांब मिळून एक चल झालं. त्याने आपल्या मनाची समजूत अशी घातली होती. आपण हे कबूल केलं तर कारखान्यात तोंड दाखवायला जागा उरणार नाही, आणि काशीसमोर तर मुळीच नाही, म्हणून तो गप्प राहिला. अशी गप्प राहायची सवय लागली की तीही नोकरीसारखीच अंगवळणी पडते.

"बरा हायस ना?" पहिल्या दिवशी दिनानाथने विचारलं.

"हाय," कुलदीप म्हणाला आणि फळीच्या टोकाला बसला.

त्यानंतर तो रोज येऊन त्याच टोकाला बसू लागला. किस्से ऐके, स्वतः एकही सांगत नसे.

चार-पाच दिवसांनी क्रशरवरचा हर्षद रंगात आला होता. "म्हसळ्याच्या उतारावर ब्रेक गेला. पेडल दाबतोय तर नुसती हवा. टेम्पोत बोटीचा नांगर होता, दुरुस्तीला चाललेला. मी मागचा दरवाजा उघडला, नांगर फेकला बाहेर, तो अडकला मोरीच्या कठड्याला, आणि टेम्पो जाग्यावर उभा. पुढं ठेवलेला चा सांडला न्हाय."

"गाडी कोण चालवत होता?" प्रज्योतने विचारलं. प्रज्योत दिवेआगरचा, नारळ-सुपारी आणि मासळी दोन्हीची भाडी करणारा.

"मीच."

"आनि मागं जाऊन नांगर कोणी फेकला?"

"मीच की."

पेटीवर एक थाप पडली.

सगळे हसले. हसता हसता प्रज्योत थांबला, कारण त्याच्या एका हातात चहा होता आणि दुसऱ्यात वडापाव. हर्षद उभा होता. कुलदीपचे हात मांडीवर होते. दिनानाथ समोर तेलाचा कॅन घेऊन उभा होता.

"ऊन हाय," दिनानाथ म्हणाला. "पत्रा तापला की फुगतो. सावली आली की आवळतो, तेव्हा वाजतो."

ते खरंच होतं. पण तापलेला पत्रा 'टण' असा वाजतो. हा आवाज मांसल होता, तळहाताचा, ओल्या तळहाताचा. दिनानाथने चावी आणून कुलूप काढलं. आत तुसाची पोती होती, भिंतीला आकडे टांगलेले होते आणि जमिनीवर सांडलेलं तूस एकसारखं पसरलेलं होतं. त्यावर कुणाच्या पावलाचा ठसा नव्हता. त्याने कुलूप परत लावलं.

दुसऱ्या दिवशी प्रज्योतने सांगितलं. "माडाखाली सावलीला टेम्पो लावला. नारळ पडला बॉनेटवर, आनि हॉर्न जो अडकला तो सुटंना. तसाच बोंबलत निघालो. पुढं वरात. बँडवाल्यांना वाटलं, नवऱ्याची गाडी आली. त्यांनी मला मधी घेतलं. अर्धा तास मी वरातीत. नवऱ्याच्या आत्यानं मला ओवाळलं, बोल आता."

हर्षद हात उचलून एक थाप मारणारच होता. त्याआधीच पेटीवर दोन पडल्या.

कुणी हसलं नाही. प्रज्योत हळूच म्हणाला, "आईशपथ, खरंच ओवाळलं होतं."

दिनानाथने मग ती गोष्ट एखाद्या बिघाडासारखी तपासायला घेतली. रविवारी कारखाना बंद होता. तो सकाळीच आला, कॉम्प्रेसर थांबलेला, खाडीला ओहोटी, वाऱ्याचं नाव नाही. पेटीपुढे उभा राहून तो, स्वतःचीच लाज वाटत असताना, म्हणाला, "परवा पंपाचा पट्टा तुटला." दोन थापा पडल्या. तो म्हणाला, "परवा पंपाचा पट्टा जळला." एक पडली. पट्टा तुटलाच होता. मग तो म्हणाला, "दोन आनि दोन पाच." पेटी गप्प राहिली. "माझं नाव दीपेश." तरीही गप्प. बिघाड आणि अपघात यांपलीकडच्या गोष्टींशी तिला देणंघेणं नव्हतं. त्याने पत्र्यावरून हात फिरवला. सगळा पत्रा उन्हाने कोमट झाला होता. फक्त एका जागी, छातीच्या उंचीवर, तळहाताएवढा तुकडा बर्फासारखा गार लागला. त्याने हात काढून घेतला आणि कुणाला काही सांगितलं नाही.

एक गोष्ट मात्र त्याने मनाशीही उच्चारली नाही. ती पेटी कुठल्या टेम्पोची, हे त्या आवारात दोघांनाच ठाऊक होतं. एक तो आणि एक कुलदीप. अपघातानंतर कारखान्याच्या शेठने तो टेम्पो भंगारात काढला होता आणि पेटी तेवढी चांगली म्हणून ठेवून घेतली होती. त्या दिवशी आपला हात या पत्र्यावर कुठे पडला होता, हे दिनानाथ डोळे मिटून दाखवू शकला असता. छातीच्या उंचीवर.

माणूस कशालाही सरावतो. पंधरा दिवसांत पेटीची भीती कुणाला राहिली नाही. उलट गंमत झाली. "पेटीला विचार" हा कारखान्यात परवलीचा शब्द झाला. ब्रेक कुणी बिघडवला, गिअर कुणी तोडला, सगळं पेटीपुढे. हर्षदने तर थापा मारणंच सोडलं. तो म्हणे, "हिच्यापुढं आपला धंदा बसला."

एके दुपारी काशी डबा ठेवून गेली आणि तिच्या पाठीकडे बघत हर्षदच म्हणाला, "काशीताईचा कान गेला तो पन यंत्रापायीच ना? प्रज्योत, तुला ठाव न्हाय. हापशावर पानी भरत होती. दांडा सुटला हातातून, उलटा आला नि कानशिलावर बसला. पडदा फाटला."

ही गोष्ट साऱ्या गावाला ठाऊक होती. काशीनेच सांगितलेली.

पेटीवर एक थाप पडली.

"घ्या," हर्षद हसला. "यंत्र चुकायला लागलं."

दिनानाथ हसला नाही. काशीने हापशाचं सांगितलं त्या दिवशी तो हापसा चालूच नव्हता. त्याचा वॉशर दिनानाथनेच काढून खिशात ठेवला होता, मुरुडला नवा आणायला म्हणून. आणि काशीच्या गालावर चार बोटं उमटली होती. दांड्याला बोटं नसतात. त्याने तेव्हा बहिणीला काही विचारलं नाही, रावजीलाही नाही. वॉशर खिशात चाचपत तो कामावर गेला होता. त्याच्या तिसऱ्या दिवशी फलाटाशी ते झालं.

त्याने मान वर केली तेव्हा कुलदीप त्याच्याकडे बघत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी कुलदीपचा टेम्पो फलाटाला लागायचा होता. क्रशर बंद होता. पाती बदलायची म्हणून हर्षद ती सोडवून फळीवर घेऊन आला होता. प्रज्योत चहा पीत होता. भेंडीच्या सावलीला जराही हालचाल नव्हती.

"दिनानाथ," कुलदीप म्हणाला, "बस जरा."

"काम हाय."

"अकरा वरसं मी काय तुला विचारलं न्हाय. आजपन विचारत न्हाय. फक्त सांग. पेटी ऐकंल."

हर्षदने आणि प्रज्योतने एकमेकांकडे पाहिलं. एवढं बोलताना कुलदीपला त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

दिनानाथला निघून जाता आलं असतं. पण निघून जाणं हेही उत्तरच झालं असतं. तो उभ्याउभ्याच, चौकशीत सांगितलं होतं त्याच शब्दांत म्हणाला, "कुलदीपचा टेम्पो मागं येत होता. रावजी मधी होता. मी एकच थाप मारली."

पेटीवर एक थाप पडली.

प्रज्योतने चहाचा पेला खाली ठेवला.

खरं सांगायचं तर दिनानाथला त्या क्षणी भीती वाटली नाही. हलकं वाटलं. अकरा वर्षं धरून ठेवलेला दांडा हातातून सुटला होता. आता सांगायला काय हरकत? कुलदीपला त्याचं नाव परत मिळेल. पोरं चार दिवस बोलतील. चूक कुणाची होत नाही?

"बरं," तो म्हणाला. "दोन पडल्या. तू ऐकलंस ते बरोबर होतं. माझी चूक. घाईत, चुकून दोन पडल्या."

सगळे दोन थापांची वाट बघत राहिले.

एक पडली.

खाडीवर कुठेतरी बोटीचं इंजिन सुरू झालं आणि बंद पडलं.

"ह्यातलं काय खोटं?" हर्षदने अगदी हळू आवाजात विचारलं.

दिनानाथने फाटकाकडे पाहिलं. काशी आली होती. डबा हातात होता आणि ती नेहमीसारखी तिरकी उभी होती, उजवी बाजू पुढे करून. डावा गाल त्याला दिसत नव्हता. पण तो कसा दिसत होता ते त्याला आठवलं. चार बोटं. खिशातला वॉशर. वाकलेली रावजीची पाठ. पहिल्या थापेला टेम्पो थांबला होता. होय, थांबला होता. कचकन, जागच्या जागी. घाई कसलीच नव्हती.

"चुकून न्हाय," तो म्हणाला.

त्याने पेटीकडे तोंड वळवलं.

"दोन मारल्या."

पेटीवर एक थाप पडली. मग सावकाश दुसरी.

कुलदीप त्याच्याकडे वळला. तो आता आपली कॉलर धरील असं दिनानाथला वाटलं. धरली असती तर बरं झालं असतं. पण कुलदीप म्हणाला, "मला वाटायचं, माझेच कान खराब झाले. पनवेलच्या डॉक्टरला दाखवले दोनदा. तो म्हनायचा, कान चांगले हायत. मी त्याला खोटा समजत होतो." मग तो उठला आणि टेम्पोत जाऊन बसला. बर्फ घेतला नाही. तसाच निघून गेला.

हर्षदने पाती उचलली. प्रज्योत त्याच्या मागोमाग गेला.

दिनानाथ फाटकाशी आला. काशीने कट्ट्यावर डबा ठेवला.

"कधीपासून उभी हायस?"

"आत्ताच आले." ती डब्याचं झाकण दाबत राहिली. ते आधीच घट्ट होतं. "मला कुठं ऐकायला येतंय, दादा."

तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. आपलं माणूस इतकी वर्षं एकट्याने काय उचलत होतं हे कळल्यावर जसं बघतात तसं तिने बघितलं. तिने कधी विचारलं नव्हतं, त्याने कधी सांगितलं नव्हतं. हापशाची थाप तिची होती, फलाटाची त्याची.

मग ती त्याला ओलांडून आवारात आली. इतक्या वर्षांत तिने फाटकाच्या आत पाऊल टाकलं नव्हतं. सरळ पेटीपाशी गेली, हात उचलला आणि छातीच्या उंचीवर, नेमक्या त्या जागी, एक थाप मारली.

थांब.

भेंडीचं एक पान पेटीवर पडलं. आतून काही आलं नाही. एक मिनिट गेलं, दोन गेली. पेटी आता नुसता पत्रा होती. त्याने जाऊन त्या जागेवर तळहात ठेवला. तीही कोमट होती. कुठेच गार नव्हती.

"झालं," काशी म्हणाली. "जेवून घे."

ती खाडीच्या रस्त्याला लागली. दिनानाथ फाटकाशी उभा राहून बघत राहिला. ऊन लख्ख होतं, रस्त्यावर दुसरं कुणी नव्हतं. वळणावरच्या मोरीपाशी ती थबकली. मान जरा कलती केली, जणू मागून कुणी काही म्हणालं. पण मागे वळली नाही.

तिने डावा हात उचलला आणि कानावर घट्ट दाबून धरला. डाव्या कानावर, ज्याने तिला अकरा वर्षांत काही ऐकू आलं नव्हतं. आणि तशीच, भरभर, चालू लागली.